‘ड्युरा मेटर’: लॅटिन शब्दामागची अरबी माता

१/ प्रसूतीच्या वेदना शमवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ‘एपिड्युरल’चे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातील ‘ड्युरल’चा संबंध ‘ड्युरा मेटर’शी आहे. मेंदू व मज्जारज्जू यांभोवतीच्या तीन आवरणांपैकी सर्वांत बाहेरचे, जाड आवरण ते हेच.

२/ या संज्ञेचे मूळ बहुधा ‘लॅटिन’ एवढेच सांगितले जाते: ‘ड्युरा’ म्हणजे कठीण, ‘मातेर’ म्हणजे माता. हे असत्य नाही. अपुरे मात्र आहे. पडद्याला ‘माता’ का म्हणावे, याचे उत्तर लॅटिन देत नाही.

३/ इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या लेखी हे केवळ जाड व पातळ पडदे होते. ९ व्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक व त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले. अरबी वैद्यकात या पडद्यांना ‘उम्म’, म्हणजे आई, हे नाव रूढ झाले. वस्तूंचे संबंध नात्यांच्या शब्दांत सांगणे ही अरबीची रीतच आहे. मक्केलाही ‘उम्म अल-कुरा’, नगरांची माता, म्हणतात.

४/ १० व्या शतकात इराणी वैद्य अली इब्न अब्बास अल-मजूसी याने ‘किताब अल-मलिकी’ हा ग्रंथ रचला. ११ व्या शतकात कॉन्स्टंटाइन द आफ्रिकन याने इटलीत त्याचे लॅटिन रूपांतर केले, पण मूळ लेखकाचे नाव गाळले. अँटिऑकच्या स्टीफनने या लपवाछपवीवर बोट ठेवले आणि ११२७ मध्ये अल-मजूसीच्या नावासह नवे भाषांतर सिद्ध केले.

५/ अशाच भाषांतरांच्या काळात ‘उम्म’ची ‘मातेर’ झाली. सर्वांत आतल्या पडद्याचे अरबी विशेषण ‘रकीक’, म्हणजे पातळ, नाजूक. लॅटिनमध्ये त्याचे ‘पिया’ झाले. या शब्दाचा अर्थ कोमल, तसाच धर्मशीलही. पातळ पडदा असा अकारण पुण्यवान ठरला!

६/ शब्दाचे रूप लॅटिन असेल तर त्याला लॅटिन म्हणण्यात वावगे काय, असा आक्षेप येईल. रूप लॅटिन आहेच. परंतु ज्ञान ग्रीक आणि कल्पना अरबी आहे. केवळ शेवटच्या भाषेचे नाव नोंदवून थांबणे म्हणजे कॉन्स्टंटाइनचीच चूक पुन्हा करणे होय. व्युत्पत्ती हा श्रेयाचाही हिशेब असतो, आणि तो पूर्ण मांडला गेला पाहिजे.

७/ ‘एपिड्युरल’मध्ये ग्रीक ‘एपि’ उरले, लॅटिन ‘ड्युरा’ उरले. गळली ती अरबीतून आलेली माता, आणि तीही प्रसूतिगृहात सर्वाधिक उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांपैकी एकातून.