वेळेवर बिल भरल्याबद्दल दंड

समजा, तुम्ही फोनचं बिल वेळेवर भरलंत. पूर्ण भरलंत. पाकीट आणि तिकीटही स्वतःच्याच खर्चाने लावलंत. आणि तरी पुढच्या बिलात तुमच्या नावावर जादा आकार आला, तर? "कंपनीचं काहीतरी चुकलंय" असंच म्हणाल ना? पण इथे इंग्लंडमधे चुकलेलं काही नव्हतं. तो आकार होताच मुळी पैसे भरल्याबद्दल!

मे २००७ मधे बीटीने, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉमने, घरगुती फोनच्या गिर्‍हाइकांवर दर तिमाहीला साडेचार पौंड बसवले. वर्षाचे अठरा. कुणावर? जे डायरेक्ट डेबिटने किंवा कंपनीच्या मासिक हप्त्याच्या योजनेतून पैसे देत नव्हते त्यांच्यावर. (कमी उत्पन्नवाल्यांच्या खास योजनेत असाल तर सूट होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) नाव काय, तर "पेमेंट प्रोसेसिंग फी". मराठीत सांगायचं तर "तुमचे पैसे स्वीकारण्याचे श्रम". म्हणजे वाण्याने म्हणावं, "वहिनी, सामानाचे झाले दोनशे, आणि तुमची नोट गल्ल्यात टाकायचे वर दहा."

भारतातल्या मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण मागे फोनवर मावशीने विचारलं होतं, "म्हणजे आपलं ईसीएसच ना गं?" हो मावशी, बरंचसं तेच. डायरेक्ट डेबिट म्हणजे आपण एकदा सही करून परवानगी द्यायची, आणि मग कंपनी दर वेळी तिच्या हिशोबाने होईल ती रक्कम आपल्या खात्यातून ओढून घेणार. त्याआधी इथे स्टँडिंग ऑर्डर असायची. त्यात रक्कम आपण ठरवायची, तारीख आपण ठरवायची, आणि बँकेने ती पाठवायची. फरक एवढाच की आधी दोरी आपल्या हातात होती, ती आता कंपनीच्या हातात गेली.

ही कल्पना काढली अ‍ॅलिस्टर हँटन नावाच्या गृहस्थांनी, १९६४ च्या सुमारास. ते युनिलिव्हरमधे होते, आणि प्रश्न होता आइस्क्रीम विकणार्‍यांकडून पैसे वसूल करण्याचा. उन्हाळ्यात विक्री जास्त, पावसात कमी. दर वेळी रक्कम वेगळी, त्यामुळे स्टँडिंग ऑर्डर उपयोगाची नाही. मग घेणार्‍यानेच रक्कम सांगावी आणि ओढून घ्यावी असं ठरलं. हुशार कल्पना आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. मी स्वतः काउन्सिल टॅक्स आणि पाणीपट्टी अशीच भरते. शिवाय त्यामागे चांगली हमी आहे. रक्कम किंवा तारीख बदलणार असेल तर आधी कळवायला हवं, चुकून जास्त घेतले तर बँकेने लगेच आणि पूर्ण परत करायचे, आणि आपल्याला वाटेल तेव्हा ते बंद करता येतं. तेव्हा कृपया कुणी मला "कंप्यूटरला घाबरणारी" म्हणू नका. :)

माझं भांडण साधनाशी नाही. ते साधन न वापरणार्‍याला दंड करण्याशी आहे.

पहिला मुद्दा त्या नावाचाच. प्रोसेसिंगला खर्च येतो म्हणता? चेकला येतो, मान्य. कुणीतरी पाकीट फोडायचं, चेक बँकेत पाठवायचा. पण जो माणूस घरी बसून आपल्या बँकेतून सरळ कंपनीच्या खात्यात पैसे पाठवतो, खातेक्रमांकही स्वतःच टाइप करतो, त्याचं प्रोसेसिंग कोण करतं? तो स्वतः! चेकवाला, रोखवाला आणि घरबसल्या पाठवणारा, यांचा खर्च वेगवेगळा असणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग सरसकट आकाराचं नाव "खर्च" कसं? अशा आकड्याला आम्ही "बघू या किती खपतं" असं म्हणतो.

दुसरा मुद्दा नेहमी ऐकू येतो तो असा, की डायरेक्ट डेबिट नसलेले लोक पैसे बुडवतात, उशिरा देतात, आणि तो बोजा बाकीच्यांनी का उचलावा? ठीक आहे, यात तथ्य आहे. बुडीत पैसे कुणालातरी सोसावे लागतात. पण उशीर करणार्‍यासाठी उशिराचा दंड वेगळा असतोच की. मग हा दुसरा दंड कुणाला लागतो? जो उशीर करत नाही त्यालाही. म्हणजे वर्गात दोन पोरांनी दंगा केला म्हणून त्या बाकावरच्या सगळ्यांना छड्या, आणि दंगेखोरांना एकच जास्त. बिल आल्या दिवशी चेक लिहिणार्‍या म्हातार्‍या माणसाने कुणाचे पैसे बुडवले होते?

आणि आता खरा मुद्दा. डायरेक्ट डेबिट नको म्हणणारे असतात कोण?

काही नुसते हट्टी असतात, आहेतच. पण बहुतेकांकडे कारण असतं, आणि ते पैशाचंच असतं. ज्याचा पगार दर आठवड्याला कमीजास्त होतो, ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला चाळीस पौंड उरतात, त्याला कुठलं बिल कधी जाणार हे स्वतः ठरवावं लागतं. आधी भाडं, मग वीज, मग फोन. डायरेक्ट डेबिट चुकीच्या दिवशी आलं आणि खात्यात पैसे नसले, तर बँक स्वतःचा दंड लावते. २००७ च्या सुमारास तो अनेक बँकांत तीस पौंडांच्या वर होता. त्यावर कोर्टात केवढी लढाई झाली! आणि नोव्हेंबर २००९ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या आकारांची रक्कम योग्य की अयोग्य हे ग्राहक करारांच्या त्या नियमांखाली तपासता येणार नाही. म्हणजे गरिबापुढे पर्याय असे: साडेचार पौंडांचा खात्रीचा दंड, नाहीतर तीस पौंडांच्या दंडाची टांगती तलवार. त्याने पहिला निवडला तर तो अडाणी नाही, त्याला हिशोब उत्तम येतो. शिवाय ज्यांना बँकेत खातंच नाही त्यांना तर निवडही नाही. इथल्या एफसीएच्या पाहणीत मे २०२२ मधे असे सुमारे ११ लाख प्रौढ होते. इंग्लंडमधे, बरं का!

डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मधेच पुस्तक लिहिलं होतं, नाव "द पुअर पे मोअर". साठ वर्षांनंतरही ते नाव बदलायची गरज पडलेली नाही.

आता घरचं उदाहरण. माझे एक चुलत सासरे इथे चाळीस वर्षं आहेत. प्रत्येक बिल वहीत लिहितात, मागच्याशी ताडून बघतात, आणि मगच पैसे देतात. सूनबाई म्हणून मी पूर्वी त्यांची थट्टा करायचे. एकदा त्यांच्या फोन कंपनीने (नाव जाऊ दे) भारतातल्या कॉल्सचं बिल भलत्याच दराने लावलं. काकांनी बिल हातात धरून फोन केला, "हे चूक आहे, दुरुस्त करा, मग पैसे पाठवतो." तीन फोन झाले, दोन पत्रं झाली, आणि बिल दुरुस्त होऊन आलं. काकांच्या खात्यातून तोवर एक पेनी गेली नव्हती. हां, डायरेक्ट डेबिट असतं तर हमीप्रमाणे पैसे परतही मिळाले असते, नाही कोण म्हणतंय? पण आधी पैसे गेले असते, मग ते परत मागावे लागले असते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला घाई नसते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. त्या तिमाहीत काका कंपनीला घाई करायला लावू शकले, कारण पैसे त्यांच्या खिशात होते. आणि त्याच तिमाहीत कंपनीने त्यांना जादा आकारही लावला. स्वतःचं बिल तपासून बघण्याचा आकार!

बिल म्हणजे समोरच्याने केलेला दावा. तो खरा की खोटा हे बघून मग पैसे द्यायचे, ही देवाणघेवाणीची सर्वात जुनी रीत आहे. आपला कोपर्‍यावरचा वाणीसुद्धा उधारीची वही आपल्यापुढे ठेवायचा, बोट ठेवून वाचून दाखवायचा, आणि मग आपण पैसे काढायचो. तो आपल्या कपाटात हात घालत नव्हता.

"अहो पण हा दंड नाहीच, डायरेक्ट डेबिटवाल्यांना सवलत आहे," असंही म्हणतात. शब्दांचा खेळ! पण हा खेळ कायद्यालाही पुरून उरला, म्हणून सांगते. २००८ मधे इथल्या ऑफकॉम या नियामकाने अशा जादा आकारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. भर मुख्यतः आकार लपवू नका, ठळक सांगा यावर. (खिसा कापा, पण सांगून कापा.) एप्रिल २०१३ पासून नियम आला की पैसे देण्याच्या पद्धतीवरचा आकार प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नको. जानेवारी २०१८ पासून कार्डावरच्या आकारांवर तर बंदीच आली. छान झालं. पण बंदी आली ती आकारावर, सवलतीवर नाही. मूळ दर वर चढवा आणि आज्ञाधारकांना सवलत द्या, की झालं काम.

विजेचं आणि गॅसचं बघा. ऑफजेमच्या दरमर्यादेत ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ साठी नमुन्याच्या घराचा वर्षाचा आकडा डायरेक्ट डेबिटवाल्याला १,७१७ पौंड होता, आणि बिल आल्यावर भरणार्‍याला १,८२९. फरक ११२ पौंडांचा. तीच वीज, तोच गॅस, तीच तार! गंमत म्हणजे प्रीपेमेंट मीटरवाल्या गरीब घरांनाही वर्षानुवर्षं असंच जास्त पडायचं, आणि "काय करणार, खर्चच तेवढा येतो" हेच उत्तर मिळायचं. मग ओरड झाली, २०२३ मधे सरकारने हात घातला, एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने स्थिर आकारातला फरक काढला, आणि त्याच तिमाहीत प्रीपेमेंटचा आकडा १,६६९ वर, म्हणजे सगळ्यात खाली आला. खर्च सगळ्यांत वाटायचा की ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या, हा निवडीचा प्रश्न होता. निसर्गनियम नव्हता.

आणि खर्चाचंच म्हणाल तर आपल्या आयआरसीटीसीकडे बघा. तिथे बरोबर उलटं! खिडकीवर माणूस बसवून तिकीट दिलं तर सोय-आकार नाही, पण घरबसल्या काढलं तर सप्टेंबर २०१९ पासून वर आकार. मशीनने काम केलं तरी आकार, माणसाने केलं तरी आकार. दोन्हीकडचा नियम एकच आहे: गिर्‍हाईक जिथे अडलेलं असेल तिथे आकार लावा, आणि कारण नंतर शोधा.

ठाण्या-पुण्याच्या मंडळींनो, हे तुमच्याही दारात येतंय. प्रत्येक अ‍ॅप आता "ऑटोपे चालू करा" म्हणून मागे लागतं. तुमच्याकडे एक गोष्ट बरी झाली. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व बँकेने कार्डावरच्या अशा नेमाच्या वसुलीसाठी किमान चोवीस तास आधी कळवण्याची सक्ती केली, आणि तेव्हा नको म्हणण्याची सोय ठेवली. ते मेसेज न वाचता पुसू नका.

माझं मागणं फार नाही. खर्च खरा असेल तर त्याचा हिशोब दाखवा, आणि तेवढाच घ्या. जो मुदतीत भरतो त्याला, कसाही भरो, एक पैसा जादा लावू नका. आणि प्रत्येक घराला पैसे देण्याचा एक तरी फुकट मार्ग असा ठेवा, ज्यात दोरी त्याच्या हातात राहील. ज्यांना सोय हवी त्यांनी खुशाल डायरेक्ट डेबिट घ्यावं, मीही घेते. पण सोय ही सोय म्हणून विकत घेतली जावी. जी गोष्ट न घेतल्याबद्दल दंड पडतो, तिला सोय कोण म्हणेल?