ताटांत उरलेली भाजी

भाद्रपदांत चार दिवस रहिमतपुरास एका आप्तांच्या घरीं राहण्याचा योग आला. तो सारा भाग आल्याचा आणि घेवड्याचा. बाजारांत कोंवळ्या भाज्यांचे ढीग; घरांत मात्र पांच वर्षांचा नातू भाजीकडे ढुंकूनही पाहत नव्हता. "भाजी संपव, मग लाडू देतें," असें सूनबाई दोन्ही वेळां म्हणत, आणि तो डोळे मिटून दोन घास पाण्याबरोबर उतरवी.

मला माझेंच घर आठवलें. माझ्या मुलानें मेथी टाकली म्हणून मीं त्यास एकदां दिवेलागणीपर्यंत पाटावर बसवून ठेविलें होतें. आज त्यानें चाळिशी ओलांडली आहे. मेथीचा वास आला कीं पानावरून उठतो. माझ्या शिस्तीचें एवढेंच फळ पदरीं पडलें.

लाडवाचें आमिष तरी बरें काय? अमेरिकेंत लीन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं लहान मुलांना आंबविलेल्या दुधाचें एक अपरिचित पेय देऊन पाहिलें. तें पिण्याबद्दल ज्यांस बक्षीस मिळालें, इतकेंच नव्हे तर नुसती शाबासकी मिळाली, त्यांची त्या पेयाची आवड पुढें उलट कमीच झाली. ज्यासाठीं लांच द्यावी लागते तें वाईटच असणार, असा मुलाचा सरळ हिशेब असावा.

कडू चव लहानांच्या जिभेस मोठ्यांहून अधिक झोंबते. तेव्हां कारलें नाकारणारें मूल हट्टीच असतें असें नव्हे. अनोळखी भाजी आठ-दहा वेळां, कधीं पंधरा वेळांही पुढें यावी लागते. आपण तिसऱ्या वेळींच "त्याला आवडत नाहीं" असा शिक्का मारून मोकळ्या होतों. ओळखीचा आरंभ तर जन्माआधींच होतो. फिलाडेल्फिया येथील ज्युली मेनेला यांच्या २००१ सालच्या प्रयोगांत, ज्या मातांनीं गरोदरपणीं किंवा अंगावर पाजतांना गाजराचा रस नेमानें घेतला, त्यांच्या बालकांनीं पुढें गाजर घातलेलें अन्न खातांना तोंड कमी वांकडें केलें. बाळंतिणीस निम्म्या भाज्या वर्ज्य सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांनीं हें ऐकून ठेवावें!

थालिपिठांत पालक लपविण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे. पोटांत जातो हें खरें, पण पालकाची ओळख होत नाहीं. तेलाची काटकसरही भाजींत फार करूं नये. स्निग्धतेवांचून गाजर-पालेभाज्यांतील कॅरोटीन नीट अंगीं लागत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं घेवड्याच्या शेंगा आल्या. कोरेगांव तालुक्यांतील वाघ्या घेवड्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्याच्या दाण्यावर तांबूस पट्टे असतात, म्हणून हें नांव. मीं मुलास शेजारीं बसवून शिरा काढावयास दिल्या व वाळल्या दाण्यांतला "वाघ" दाखविला. जेवतांना त्यानें एक शेंग तोंडांत घातली, चावली आणि बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेविली. सूनबाईंचा हात उठला. मीं तो धरला. "राहूं दे, बाई. उद्यां पुन्हां वाढ."

परवां त्यांचा दूरध्वनी आला होता. घेवडा आतां खातो. मेथीचें नांव अद्याप काढूं देत नाहीं.