उंबरठा कोणासाठी?

सुटीत समुद्रकाठी चार दिवस राहून यावे, अशी आता आपल्याकडे रीतच पडली आहे. गेल्या वर्षी आम्हीही काणकोण भागात लाकडी फळ्यांचे एक लहानसे घर भाड्याने घेतले. बरोबर आमच्या थोरल्या भगिनी होत्या. त्या चाकांच्या खुर्चीतून वावरतात. म्हणून "खुर्ची आत येते ना?" असे आम्ही आधीच विचारले होते, आणि "अगदी सहज" असे उत्तरही मिळाले होते.

प्रत्यक्षात काय आढळले? घराचे जोते दीड फूट उंच आणि त्याला टेकविलेली फळी अवघी 5 फुटांची! 1 फूट चढावयाचे तर 12 फुटांचा उतार असावा, असे सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे येथे 18 फूट हवे होते. दोघांनी खुर्ची उचलून ताईंना आत नेले. पुढे न्हाणीघराचे दार 24 इंचांचे निघाले. खुर्ची 26 इंचांची. घरमालक मनाने वाईट नव्हते. "माणसे आहेत, उचलतील की," असे ते सौजन्यानेच म्हणाले. पण दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून ताई दोन दिवस पाणी बेतानेच पीत होत्या. हे ध्यानी आले तेव्हा आमची मान खाली गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही बिऱ्हाड हलविले. दुसरे घर अगदी साधे होते. परंतु मालकाने आपल्या वृद्ध आईसाठी चिऱ्यांचा लांब उतार बांधला होता, दारे 3 फुटांची ठेविली होती आणि न्हाणीघराला उंबरठा नव्हता. पहाटे आम्ही जागे होऊन पाहतो तो ताई ओसरीवर समुद्राकडे पाहत बसलेल्या. "आज मी कोणाला उठविले नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

उचलून नेणे ही दया झाली. उचलावे लागू नये असे घर बांधणे हा न्याय होय, असे आमचे मत आहे. कोणी म्हणेल, आपल्याकडे पावसामुळे जोते उंचच हवे. खरे आहे; पण उंच जोत्याला लांब उतार जोडता येतो. कोणी खर्चाचे नाव काढील. दार आरंभीच रुंद ठेवण्यास फारसे पडत नाही. बांधलेली भिंत फोडण्यास मात्र पडते. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारती सर्वांना सुगम करण्यास सांगितले. तथापि कायदा फूटपट्टी घेऊन दारोदार हिंडत नाही. ते काम आपले आहे.

विद्यार्थीमित्रहो, पुढील सहलीचा मुक्काम ठरेल तेव्हा "खुर्ची येते का?" एवढेच विचारून थांबू नका. उतार किती लांब, दार किती रुंद, हे आकड्यांत विचारा. आणि तत्पूर्वी एकदा आपल्याच घराचे व शाळेचे दार मोजून पाहा. जो सोबती पायऱ्यांपाशी थांबतो त्याला मागे ठेवून गेलेली सहल शाळेची सहल म्हणता येईल काय?