मुलांचा अभ्यास : संस्कृत घेऊ का?

युनिव्हर्सिटीत निघालेल्या मुलाने "संस्कृत घेऊ का?" विचारले, की आपल्याला दहावीचे पैकीच्या पैकी मार्क आठवतात. तो हिशोब इथे विसरावा. १ ईसी म्हणजे २८ तास अभ्यास. १० ईसींची भाषा २८० तास मागते, आणि दहापैकी सात म्हणजे चांगलेच मार्क. घरच्या मराठीमुळे शब्द ओळखीचे वाटतील, पण संधी-विभक्ती डच मुलांइतकीच घोकावी लागेल. १८६५ साली लायडनला संस्कृतचे पहिले प्राध्यापक झालेले हेंड्रिक केर्न यांच्या घरी कुठे मराठी होती? तरी १८७४ साली त्यांनी 'आर्यभटीय' संपादून लायडनमध्येच प्रसिद्ध केले. आम्हाला वाटते, मार्कांसाठी संस्कृत नकोच. पण ओढ असेल, तर पहिल्या परीक्षेत सहा पडले म्हणून आपण पालकांनी "सोडून दे" म्हणू नये.