तांबड्या रेघेचा अधिकार

छत्तीस चौकटींच्या रोलचे सहा तुकडे कागदावर मांडून, वर काच दाबून जी काँटॅक्ट शीट आपण छापतो, ती आपल्या व्यवसायात आजवर निव्वळ दप्तरी कागद गणली गेली. मेणपेन्सिलीची तांबडी रेघ हा तिच्यावरचा शेरा, आणि त्या शेऱ्याबरहुकूम एक चौकट भिंतीवर गेली की उरलेल्या पस्तिसांची रवानगी बासनात. विल्यम क्लाइन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हाच कागद प्रचंड आकारात छापून त्यावर तांबड्या, पिवळ्या, निळ्या एनॅमलचे जाड फटकारे ओढले आणि त्यास कलादालनात मानाचे आसन दिले. हात मूळचा चित्रकाराचाच. पॅरिसमध्ये फेर्नां लेजे यांच्याकडे ते काही काळ शिकले होते.

१९५४ च्या सुमारास आपल्या जन्मगावी, न्यूयॉर्कला परतून त्यांनी जे रस्ते टिपले, त्यांतील भिंगावर पिस्तूल रोखून क्रोधाने चेहरा वेडावाकडा केलेल्या मुलाचे छायाचित्र एकटे पाहिले, तर त्या शहराच्या हिंस्रतेचा तो अस्सल दाखला वाटतो. परंतु शीटवर त्याच्या शेजारच्याच चौकटीत तोच मुलगा प्रसन्न हसत उभा आहे, आणि रागाची मुद्रा आपणच करावयास सांगितल्याचा खुलासा क्लाइन यांनी स्वतःच केला होता. ती हिंसा रस्त्यावर किती होती आणि रेघेने किती ठरविली, याचा निवाडा शेजारची चौकट रुजू झाल्यावाचून होत नाही.

तथापि रंगविलेल्या शीटविषयी आमचा एक आक्षेप आहे. रॉबर्ट फ्रँक यांनी 'दि अमेरिकन्स' या पुस्तकासाठी ७६७ रोल खर्चून अखेर ८३ छायाचित्रे ठेविली. त्या निवडीच्या वेळी शीटवर ओढलेली प्रत्येक रेघ चुकण्याची जोखीम पत्करून ओढलेली होती. क्लाइन यांनी चाळीस वर्षांनी, निवड जगन्मान्य झाल्यावर, आपल्या त्याच चौकटीभोवती फिरविलेला कुंचला हा झालेल्या निकालाचा समारंभ होय. देखणा खरा, पण चित्रकलेच्या खात्यात जमा करण्याजोगा.

जुन्या शीटांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम ज्या वाचकांनी हाती घेतले आहे, त्यांस म्हणून आमची सूचना अशी की, कागद स्वच्छ करण्याच्या उत्साहात मेणाच्या खुणा पुसू नयेत, पाठीवरचा मजकूरही टिपावा, आणि छायाचित्रे कृष्णधवल असली तरी स्कॅन रंगीतच करावा. करड्या छटांत तांबडी रेघ आणि निळी रेघ ओळखू येत नाहीत, आणि पहिली निवड कोणती व फेरतपासणीतली कोणती, हे पुढे कोणास सांगता येणार नाही.