पत्ता मागणारे राज्य, पत्ता हरवलेला माणूस

फाळणीनंतर सिंधमधून जीव मुठीत धरून निघालेले हजारो हिंदू कल्याणजवळच्या ओसाड लष्करी छावणीत येऊन पडले. त्यांच्यापाशी घराचा उतारा नव्हता, भाडेकरार नव्हता, ओळख देणारा शेजारी नव्हता. कराची, हैदराबाद, शिकारपूर या गावांतील त्यांच्या वाड्यांना परक्यांची कुलुपे लागली होती. तरीही त्या माणसांना पत्ता मिळाला, आणि तो सरकारनेच दिला. कॅम्प नंबर अमुक, बराक नंबर तमुक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथील माणूस घर कोठे, असे विचारल्यावर आधी कॅम्पचा आकडा सांगतो. निर्वासिताची नोंद तेव्हाही होत होती; परंतु नोंद ही मदतीची पहिली पायरी होती, अडवणुकीची नव्हे.

त्याच सिंधमधून हिंदू आजही येत आहेत. उमरकोट, मीरपूरखास, सांघर, थरपारकर या भागांतून येणाऱ्यांत भिल्ल, कोळी, मेघवाळ अशा कष्टकरी समाजांची संख्या मोठी आहे. जमीनदाराचे न फिटणारे कर्ज आणि पोरीबाळींच्या अब्रूची धास्ती, या दोन गोष्टी मागे टाकून ही कुटुंबे सीमा ओलांडतात. अल्पसंख्याकांच्या रक्षणाची जी हमी ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात पाकिस्तानने दिली होती, तिचे पुढे काय झाले याचा ही माणसेच चालताबोलता पुरावा आहेत. मात्र येथे पोहोचल्यावर त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : तुमचा पत्ता काय?

चोवीस तासांचे कोडे

नियम समजून घेतला पाहिजे. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या सामान्य परदेशी नागरिकाला नोंदणीसाठी चौदा दिवस मिळतात. पाकिस्तानी पारपत्रावर आलेल्याला मिळतात चोवीस तास. त्याचा व्हिसा देशाचा नसतो, तर ठरावीक गावांचा असतो. २०१२ च्या व्हिसा करारानेही भेटीसाठी येणाऱ्याला जास्तीत जास्त पाच ठिकाणांचीच मुभा दिली. यात्रेच्या व्हिसावर हरिद्वारला आलेले कुटुंब जोधपूरला आपल्या नातलगांकडे गेले, की त्याने नियम मोडला असे होते.

पुढे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करायचा, तर राहत्या जागेचा पुरावा हवा आणि भारतीय नागरिकाची हमी हवी. वीजबिल किंवा भाडेकरार आणणार कोठून? परदेशी नागरिक घरात ठेवला, तर घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवले पाहिजे. पाकिस्तान हा शब्द ऐकताच घरमालक हात जोडतो. पोलिसांचे लचांड कोणाला हवे? घर नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून घर नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा कारभार आहे.

मग ही माणसे शेताच्या बांधावर, खाणींच्या कडेला, सरकारी पडीक जमिनीवर झोपड्या टाकतात. तेथेही पत्ता टिकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये जोधपूरच्या चोखा भागात आणि मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळच्या अमरसागर येथे पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंच्या वस्त्यांवर अतिक्रमण म्हणून बुलडोझर फिरले. ऐन वैशाखात, वाळवंटात, लेकराबाळांसह ही कुटुंबे उघड्यावर आली. ज्या झोपडीचा पत्ता एका सरकारी कार्यालयाने मागायचा, तीच झोपडी दुसऱ्या सरकारी कार्यालयाने पाडायची! या विसंगतीची लाज कोणत्याच कार्यालयाला वाटत नाही.

एका कागदाचे वजन

हा कागद म्हणजे केवळ पोलिसांच्या दप्तरातील चिटोरे नव्हे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये जिहादी अतिरेक्यांनी पर्यटकांचे रक्त सांडले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. ते योग्यच होते. पाकिस्तानी हिंदूंना आधीच मंजूर झालेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असेही सरकारने तत्परतेने स्पष्ट केले. त्या आठवड्यात त्या कागदाचे खरे मोल सर्वांना कळले. ज्याच्या हाती दीर्घ मुदतीचा व्हिसा होता, तो निश्चिंत झोपला. जो अल्प मुदतीच्या व्हिसावर आला होता आणि ज्याचा अर्ज अजून व्हायचाच होता, त्याच्या डोक्यावर परतीची तलवार लटकली. दोघांचे गाव एक, देव एक, दुःख एक. फरक फक्त एका कागदाचा.

नागरिकत्वाचेही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने संमत केलेला नागरिकत्व सुधारणा कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना लागू आहे. त्यानंतर आलेल्यांना जुन्याच वाटेने जावे लागते. भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी ती सात वर्षांच्या वास्तव्याची वाट आहे, आणि वास्तव्य मोजायचे तर त्याची नोंद हवी. आज पत्त्यावाचून नोंदणी रखडली, की उद्याचे नागरिकत्व रखडते. पोराची शाळा, बापाचा वाहन परवाना, आईचे बँकेतील खाते, हे सारे त्याच खुंटीला टांगलेले असते.

दिले ते आणि राहिले ते

केंद्र सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वैध कागदपत्रांशिवाय आलेल्या किंवा मुदत संपलेल्या अल्पसंख्याकांना सप्टेंबर २०१५ मध्ये कायद्याच्या बडग्यातून सूट मिळाली. जुलै २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांना बँक खाते, पॅन, आधार, स्वतः राहण्यापुरते घर घेण्याची मुभा आणि राज्याच्या हद्दीत मुक्त संचार दिला. परवानगीवाचून गाव बदललेल्यालाही राहत्या ठिकाणीच अर्ज करता येईल, हा मोलाचा निर्णयही त्यातलाच. डिसेंबर २०१६ मध्ये नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या सोळा जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले गेले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा लागू झाला, तेव्हा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या पीडित अल्पसंख्याकांना शिक्षेतून वगळण्यात आले.

परंतु शिक्षेतून सूट म्हणजे आश्रय नव्हे. ‘तुला तुरुंगात टाकणार नाही’ आणि ‘तू येथे राहा’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ते अंतर पार करण्याची वाट अजूनही पत्त्याच्या रकान्यातूनच जाते. शिवाय दिल्लीतला निर्णय जिल्ह्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे. २०१९ च्या कायद्याचे नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडले. आपल्या माणसांचे सरकार म्हणून हा विलंब झाकून ठेवणे, हे निष्ठेचे लक्षण नव्हे.

सुरक्षा हवीच, पण डोळस

शेजारी राष्ट्राच्या पारपत्रावर येणाऱ्या प्रत्येकाची कसून तपासणी झालीच पाहिजे. त्यात तसूभरही ढिलाई नको, असे अधिकारी म्हणतात. मान्य. पण ज्याला खरा पत्ता देता येत नाही, तो काय करील? ओळखीच्या कोणाचा तरी पत्ता लिहील आणि राहील भलतीकडेच. म्हणजे दप्तरात नोंद चोख आणि माणूस बेपत्ता! याला सुरक्षा म्हणायचे काय? माणूस जेथे खरोखर झोपतो, तेथेच त्याची नोंद करणे, हीच खरी दक्षता. कडक नियम आणि डोळस नियम यांत फरक असतो. १९४७ नंतरच्या छावण्यांत प्रशासनाला तो कळत होता.

नागरिकत्व कायद्याविरुद्ध मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्या पुरोगाम्यांकडून या माणसांसाठी शब्दाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. त्यांच्या मानवतेच्या नकाशावर थरपारकर नाही. अपेक्षा करायची ती राज्यकर्त्यांकडून आणि त्याहून अधिक समाजाकडून.

राज्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. वस्ती जेथे आहे तेथे नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः जाऊन शिबिर भरवावे आणि प्रत्यक्ष पाहणीलाच पत्त्याचा पुरावा मानावे. नोंद झालेली वस्ती पर्यायी जागा दिल्याशिवाय उठवू नये. आणि भाडेकराराऐवजी ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा रहिवास दाखला ग्राह्य धरावा.

समाजाचे काय? हमीपत्रावर सही करण्यासाठी भारतीय नागरिक लागतो. तो काही मंत्रालयातून येणार नाही. निर्वासित हिंदूंसाठी सभेत टाळ्या वाजवणारे हात हमीपत्रापाशी आले की आखडतात. अखंड भारताच्या नकाशाला वंदन करणारी सोसायटी मीरपूरखासहून आलेल्या मजुराला खोली नाकारते. हे कटू आहे, पण खरे आहे. एकेका शाखेने एकेका कुटुंबाची हमी घेतली, एकेका वकिलाने एकेक अर्ज भरून दिला, एकेका घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवण्याचे छोटेसे कष्ट सोसले, तर यातील पुष्कळशा गाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता सुटतील.

उल्हासनगरच्या बराकींत आलेल्या सिंधी माणसाने सरकारने दिलेल्या एका आकड्यावर दुकाने उभारली, शाळा उभारल्या, शहर उभे केले. आज आलेल्यालाही तेवढेच हवे आहे : आपण कोठे राहतो हे सांगता येईल, असा एक आकडा. तो देणे हे उपकार नव्हेत. फाळणीच्या वेळी मागे राहिलेल्या भावंडांचे ते जुने देणे आहे, आणि ते अजून फिटलेले नाही.