बोकड हात लावून घेता, मग लेकराचं बघायला लाज कसली?



परवा बाजारात पैदाशीसाठी उस्मानाबादी बोकड बघितला. उंची, लांबी, दात सगळं झकास. पण मागून हात घालून बघितलं तर पिशवीत गोळी एकच, दुसरी पोटातच राहिलेली. मालक म्हणाला, "काका, एका गोळीवर पण शेळ्या गाभण जातात." खोटं नाही ते. पण हा दोष पुढच्या पिल्लांत उतरतो, म्हणून असा बोकड कळपात सोडू नये. दोन्ही गोळ्या पोटात असल्या तर बोकड शेळीवर उडी मारतो, पण शेळी उलटते. मी सरळ सोडून दिला.

कारण साधं आहे. गर्भात असताना गोळ्या पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि नंतर खाली पिशवीत उतरतात. बीज तयार व्हायला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो. म्हणून तर पिशवी बाहेर. उन्हाळ्यात लोंबते, थंडीत आवळते.

आता मुद्द्याचं. माणसाच्या पोरांतही हेच असतं. दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलांत दोन-चार जणांना, अपुऱ्या दिवसांच्यात जास्त. बऱ्याच जणांची पहिल्या सहा महिन्यांत उतरते. त्यानंतर आपोआप उतरायची आशा फार कमी. म्हणून ऑपरेशन 6 ते 18 महिन्यांच्या वयात करून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. उशीर केला तर पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते, कॅन्सरचा धोकाही वाढतो.

आमच्या भावकीतल्या एका पोराचं नववीत गेल्यावर कळलं. खरं तर आजीला अंघोळ घालतानाच कळलं होतं. पण "मोठा झाला की उतरंल" म्हणून गप्प बसले. चारचौघांत बोलायचं कसं, ही लाज. ऑपरेशन झालं, पण गेलेली वर्षं काही परत येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच. बोकडाला पैसे मोजायच्या आधी आपण चारदा चाचपतो. मग लेकराला कोमट पाण्यानं अंघोळ घालताना एकदा बघायला काय जातं? कधी कधी गोळी थंडीनं नुसती वर चढलेली असते, उबेला खाली येते. पण ते आपण ठरवायचं नाही, डॉक्टरला ठरवू द्या. मांत्रिक, मालिश यात दिवस घालवू नका.

बोकडात दोष दिसला तर तो नाकारता येतो. लेकराचा दोष वेळेत दुरुस्त करायचा असतो. त्यात घराण्याची अब्रू जात नाही. बघा पटतंय का.